अठ्ठावन्न

मे महिना. गड्डीगोदामच्या माझ्या दुकानात
कूलरच्या एकोणीस मोटारी रांगेत,
प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी:
आजच. अर्जंट. घरी बाळंतीण आहे.
छेचाळीस डिग्रीत कोणालाच धीर नसतो,
तांब्याच्या तारेलाही नसतो.

अशात दुरुगकर आले,
वीज मंडळाचे जुने मीटर रीडर.
रुमालाची गाठ सोडून काउंटरवर मोटार ठेवली,
सुपारीच्या डबीएवढी.
"बोटीची आहे."
कुठल्या बोटीची, विचारलं,
तर हवेत हातभर लांबी दाखवली
आणि अंगठ्यांनी रिमोट.

सकाळी फुटाळ्यात सोडली होती म्हणे.
पंख्यात केंडाळ गुंतलं.
काठावरून हे दाबून राहिले,
तिकडून ते ओढून राहिलं,
दोघंही हटेनात,
मग तळ्यात मधोमध धुराची एक रेघ.
चहूकडे पाणी, आणि जळाली.
एका पोराला पाच रुपये देऊन
पोहत आणवली.

"नवी येते अडीचशेत," मी म्हटलं.
"माहीत आहे."
"मग काहून एवढी खटपट?"
ते एकोणीस मोटारी मोजत राहिले,
मीटर वाचल्यासारखे.

रात्री शटर अर्धं ओढून
टोपणाचे कान पेचकसाने उचलले.
आधी वास आला, तो ओळखीचा.
कार्बन झिजून नखाएवढे,
शाफ्टवर गंज, बुशात शेवाळाचा हिरवा धागा.
तीन पोलांपैकी दोन ठीक. तिसरा काळा.

जळकी तार उकलायला घेतली.
माझी आई पाचपावलीत
मागासाठी कांड्या भरायची,
तुटलेला धागा बोटांना आधी कळायचा, डोळ्यांना मग.
माझ्या बोटांना कळलं:
हे कारखान्याचं काम नाही.
वेढ्यावर वेढा चढलेला,
मध्येच सैल, मध्येच रागानं ओढलेला,
एके ठिकाणी तार तुटून जोडलेली,
डाग दिलेला शिश्याचा, पावट्याएवढा.
कोणीतरी जीभ बाहेर काढून
हे गुंडाळलं असणार.

सगळ्यात खाली, लेदराईटच्या जागी,
गणिताच्या वहीचा कागद.
चौकटीत पेन्सिलचा सात,
आणि लाल शाईची अर्धी खूण,
बरोबर की चूक, कळायला
उरलेला अर्धा करपलेला.

मी पंखा बंद केला. कागद उडाला असता.

अठ्ठावन्न वेढे निघाले.
साठ हवेत; असा नग हातून कमी गेलेला नाही.
नवऱ्याचं नाव आहे बोर्डावर, पण हात माझा,
आणि गिऱ्हाईक हाताकडे येतं.
नवा लेदराईट घातला,
त्यावर तो सात, होता तसा,
आणि तार सोडत गेले.
छप्पन्न. सत्तावन्न.
शिकलेला अंगठा पुढे जायला बघत होता.
अठ्ठावन्नावर कापली.

कम्युटेटरच्या फटी सुईने साफ केल्या,
कार्बन कूलरच्या ब्रशमधून घासून बसवले,
शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब,
वार्निश, आणि रात्रभर छपराखाली,
नागपुरात भट्टी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुगकर बोट घेऊनच आले.
थर्माकोल, वर निळा ऑइलपेंट, एका बाजूला जास्त.
दुरुस्तीला आलेल्या कूलरच्या टाकीत पाणी होतंच.
सोडली. थरथरली जरा,
त्या दोन वेढ्यांची थरथर,
मग टाकीच्या चार भिंतींत फिरायला लागली,
गंजक्या पाण्याला पहिल्यांदाच लाट आली.

"आधीपण अशीच थरथरायची," ते म्हणाले.
मी काही बोलले नाही.
किती झाले, विचारलं. साठ सांगितले.
त्यांनी साठ दिले, बोट काखेत घेतली,
पाणी गळत गळत उन्हात गेले.
फरशीवरची धार दारापर्यंत पोचायच्या आत वाळली.

मागून कूलरवाला ओरडत होता,
माझं काय झालं, बाई?